पाच दिवसांचा आठवडा आणि घरची संध्याकाळ



आपल्या समाजाचे पूर्वापार क्षेत्र व्यापाराचे. तथापि गेल्या दोन पिढ्यांत घराघरांतील मुले-मुली आणि सुना शासकीय कार्यालयांत, बँकांत, शाळांत नोकरी करू लागल्या. साहजिकच नोकरीची वेळ हा आता कुटुंबाचा आणि धर्माचरणाचाही विषय झाला आहे. म्हणूनच सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी वरकरणी रुक्ष वाटणाऱ्या एका प्रश्नाचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये. आठवड्याचे काम थोड्या दिवसांत आवळून बसविले, तर लहान मुलांच्या आईबापांना त्यातून काय मिळते आणि त्यांचे काय जाते?

महाराष्ट्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू केला. केंद्र शासनाच्या कार्यालयांत ही पद्धत १९८५ पासूनच होती. राज्यात त्यापूर्वी दुसरा व चौथा शनिवार तेवढा सुटीचा असे. नव्या निर्णयाने सर्व शनिवार मोकळे झाले, पण त्याची किंमत रोजच्या वेळेतून वसूल करण्यात आली. मुंबईबाहेरील कार्यालये पूर्वी सकाळी १० ते सायंकाळी ५.४५ अशी चालत, ती आता ९.४५ ते ६.१५ अशी झाली. म्हणजे सकाळची १५ मिनिटे आणि सायंकाळची ३० मिनिटे, मिळून रोज पाऊण तास वाढला. निर्णय अमलात आला आणि महिनाभरातच महामारीमुळे टाळेबंदी आली. त्यामुळे या पद्धतीचा खरा अनुभव कुटुंबांना पुढे दोन वर्षांनीच येऊ लागला.

व्यापारी समाजापुढे बोलायचे तर जमाखर्च मांडलेला बरा. शासनाच्या हिशेबानुसार वर्षाचे कामाचे दिवस २८८ वरून २६४ झाले. दिवसाचे काम, जेवणाची सुटी वगळता, सव्वासात तासांवरून आठ तासांवर गेले. वर्षाचे एकूण तास २०८८ होते, ते २११२ झाले. जमेच्या बाजूस २४ शनिवारांचे १७४ तास, नावे बाजूस २६४ दिवसांचा रोजचा पाऊण तास म्हणजे १९८ तास. वर्षाकाठी २४ तास कर्मचाऱ्याने अधिक द्यावयाचे, असा हा सौदा आहे.

अर्थात खतावणीत प्रवास दिसत नाही. नंदुरबार किंवा शहादा येथे बिऱ्हाड आणि नोकरी अक्कलकुव्यास वा धडगावास, अशी कुटुंबे आपल्या जिल्ह्यात थोडी नाहीत. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा सहाच तालुक्यांचा खरा, परंतु सातपुड्याच्या घाटवाटांनी त्यातील अंतरे लांबवली आहेत. ज्याचे जाण्यायेण्यात रोज दोन तास जातात, त्याचे २४ फेऱ्यांचे ४८ तास वाचतात. त्याला हा व्यवहार निश्चित फायद्याचा आहे. ज्याचे कार्यालय घरापासून दहा मिनिटांवर आहे, त्याचे वर्षाला फार तर आठ तास वाचतील. म्हणजे एकाच आदेशाने एकाला नफा आणि दुसऱ्याला तोटा झाला.

येथवर तासांचा हिशेब झाला. पण सर्व तासांचे मोल सारखे नसते. कापडाच्या ताग्यातील प्रत्येक मीटर एकाच भावाने विकला जातो. दिवसाच्या तासांचे तसे नाही. ज्या घरात रात्रिभोजनत्यागाचे व्रत आहे, त्या घरात सूर्यास्तापूर्वीचा तास हा दिवसातील सर्वांत मौल्यवान. नंदुरबारला नोव्हेंबरअखेर सूर्य ५.५० च्या सुमारास मावळतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, म्हणजे सुमारे शंभर दिवस, सूर्यास्त ६.१५ च्या आतच होतो. जुन्या वेळेप्रमाणे ५.४५ ला सुटणारा श्रावक ऐन थंडीतही घर जवळ असेल तर चौविहारापूर्वी निदान पाण्याचा घोट घेण्यास पोहोचू शकत होता. सूर्यास्ताच्या दोन घटिका आधीच आहार थांबविणाऱ्यांना तर तेव्हाही ते शक्य नव्हते. आता मात्र या शंभर दिवसांत कार्यालय सुटते तेव्हा अंधारू लागलेले असते.

यावर तोड निघाली आहे. अनेक जण सायंकाळचा डबा सोबत नेतात आणि साडेपाचच्या सुमारास टेबलावरच चार घास खातात. व्रत अबाधित राहते, हे खरेच. पण घरी आजी नातवंडांना वाढते, आई कार्यालयात एकटी जेवते आणि वडील दुकानात; एका पंगतीला कोणी कोणाला भेटत नाही. मुलांना कंदमूळ का वर्ज्य, पाणी का गाळावे, पानात का टाकू नये, हे पाठशाळेच्या पुस्तकापेक्षा त्या पंगतीतच अधिक कळते. ज्या घरात आजी-आजोबा नाहीत आणि नवरा-बायको दोघेही नोकरीवर आहेत, तेथे शाळेतून परतलेले मूल साडेसहापर्यंत शेजाऱ्यांच्या भरवशावर असते.

मग मोकळा शनिवार या सर्वांची भरपाई करतो काय? काही अंशी करतो. बाजारहाट, दवाखाना, वृद्धांची विचारपूस, साधु-साध्वींचे सकाळचे व्याख्यान, यांस तो उपयोगी पडतो. पण शाळांना हा निर्णय लागू नाही आणि आपल्याकडील बहुतेक शाळा शनिवारी सकाळी भरतात. आईवडील घरी आणि मूल शाळेत, अशी शनिवारची दुपारपर्यंतची स्थिती. पत्नी शिक्षिका असेल तर तीही शाळेतच. शिवाय अष्टमी-चतुर्दशी शनिवार पाहून येत नाहीत. पौषध करणाऱ्यास तिथी हवी असते. सामायिक तर रोजचे, अठ्ठेचाळीस मिनिटांचे. आणि रोजचे वाढलेले काम पंचेचाळीस मिनिटांचे. हा योगायोग बोलका आहे.

पर्युषणात इतकी अडचण येत नाही, हेही सांगितले पाहिजे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सूर्य पावणेसातच्या आसपास वा त्यानंतर मावळतो आणि कार्यालयातून निघून प्रतिक्रमणास पोहोचता येते. खरी ओढाताण दिवाळीपासून सुरू होते.

आठवडा याहूनही आवळावा, चार दिवसांचा करावा, अशी चर्चा २०२१ पासून आपल्या देशात अधूनमधून होते. नव्या कामगार संहितांत आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच आहे. चार दिवसांत ते बसवायचे तर दिवस बारा तासांचा होतो. सकाळी नऊला गेलेला बाप रात्री नऊनंतर घरी येईल. लहान मूल तोवर झोपलेले असणार. तीन दिवस सुटी आणि चार दिवस मुलाचे तोंड न दिसणे, हा सौदा तरुण अविवाहितास मानवेल. संसारी माणसाने तो दहादा पारखून घ्यावा. अमेरिकेतील युटा राज्याने २००८ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना रोज दहा तास आणि चार दिवस अशी व्यवस्था लावली होती. अपेक्षेइतकी बचत झाली नाही, शुक्रवारी बंद कार्यालयांबद्दल नागरिकांनी तक्रारी केल्या आणि २०११ मध्ये ती मोडीत निघाली. बेल्जियमने २०२२ च्या कायद्यात अधिक शहाणपणा दाखविला. तेथे तेच तास चार दिवसांत करण्याची मागणी कर्मचाऱ्याने स्वतः करावयाची असते आणि मालकाने नाकारल्यास लेखी कारण द्यावे लागते. तान्ह्या मुलाची आई आणि निवृत्तीला आलेला गृहस्थ यांना एकाच मापाचा अंगरखा शिवू नये, एवढे तरी त्यातून घेण्यासारखे आहे. आपल्याकडेही वाढीव अर्धा तास सायंकाळऐवजी सकाळी देण्याची मुभा मिळाली असती, तर अनेक घरांची अडचण आपोआप सुटली असती. शासनाकडे मागणी करायचीच असेल तर ती ही करावी. शनिवार परत कामाचा करा, असे कोणी म्हणणार नाही. अर्थात दाखल्यासाठी धडगावकडील डोंगरातून शनिवारी उतरणाऱ्या माणसाला विचारले, तर तो कदाचित म्हणेलही.

आता थोडे आपल्या बाजारपेठेविषयी. नोकरदारांच्या दोन सुट्यांचा व्यापाऱ्यांना हेवा वाटतो. परंतु गादीमागे उभा असलेला विक्रेता, गाठोडी उतरविणारा हमाल, हिशेबनीस, हेही कोणाचे तरी आईबाप आहेत. २०१७ चा राज्याचा दुकाने अधिनियम मुळात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांना लागू होता. त्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, तसेच आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी ठरविली होती. वीस वा अधिक कामगार असतील तेथे रोजची मर्यादा दहा तास करण्याचा निर्णय सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतला. लहान दुकानांत कायदा पोहोचत नाही, तेथे मालकाचे मन हाच कायदा. लग्नसराईत आणि दिवाळीत रात्री उशिरापर्यंत दुकान उघडे ठेवणारा शेठ स्वतः सूर्यास्तापूर्वी घरी जाऊन जेवून येतो. त्याच्या दुकानातील मुलगा मात्र दुपारच्या डब्यावर असतो. त्याला संध्याकाळी अर्धा तास आळीपाळीने सोडले, तर विक्रीत किती घट येईल, याचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या वहीत मांडावा.

राहिला पाठशाळेचा प्रश्न. सायंकाळच्या पाठशाळेत मुलांना सोडणे-आणणे पालकांना जमत नसेल, तर शनिवारी शाळा सुटल्यानंतर दुपारी तीनचा वर्ग घेता येईल आणि त्यात आईवडिलांनीही मुलांसोबत बसावे. ऑक्टोबर ते जानेवारी या काळात, जी मुले घरी एकटी असतात त्यांच्यासाठी, स्थानकात किंवा उपाश्रयात पाच वाजता सामुदायिक भोजनाची सोय करणे कोणत्याही ट्रस्टला अवघड नाही. वाढणारे हात समाजात पुष्कळ आहेत आणि निवृत्त मंडळींना दुपारी वेळही असतो. शंभर दिवसांचा शिधा किती लागेल, याचा अंदाज भोजनशाळेचा अनुभव असलेल्या कोणाही कार्यकर्त्याला एका बैठकीत काढता येईल. यंदाच्या शरद पौर्णिमेपूर्वी ती बैठक व्हावी.