खेळाडूची पारख : कसब आणि स्वभाव

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात भोकरदन येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मंडळाने यंदापासून दोन होतकरू फुटबॉलपटूंस शिष्यवृत्ती देण्याचे योजिले आहे, आणि ही निवड कोणत्या तत्त्वावर व्हावी याविषयी बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. ‘भोगवर्धन’ या नावाने ज्या नगरीचा उल्लेख प्राचीन शिलालेखांत येतो, तिच्या पांढरीत उत्खनन करून विद्वानांनी हस्तिदंती मूर्ती बाहेर काढली. आपणांस काही उकरावयाचे नाही. मुले डोळ्यांसमोर धावत आहेत. तरीही काम अवघड आहे खरे.

कार्यकारिणीत यावरून दोन पक्ष पडल्याचे ऐकतो. एक म्हणतो, ज्याच्या पायाशी चेंडू बोलतो त्यालाच घ्या. दुसरा म्हणतो, मुलाचे वळण पाहा, घर पाहा. कसब मागाहून येईल. मी दुसऱ्या पक्षाविषयीच अधिक बोलणार आहे, कारण आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेस मोह पडतो तो त्याच बाजूचा.

स्वभाव गौण आहे असे कोणी जाणता म्हणणार नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या आयाक्स या विख्यात संस्थेने मुले पारखण्यासाठी तंत्र, खेळाची समज, व्यक्तिमत्त्व आणि वेग अशी चार अंगे ठरविली. व्यक्तिमत्त्व तेथे वेगाच्या पंक्तीस बसले आहे. इतक्या दूर तरी कशाला जावे? आपला तालुका १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्यात होता, त्याच्या राजधानीत सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक शिक्षक होऊन गेले. पुढे तेच भारतीय फुटबॉल संघाचे मार्गदर्शक झाले. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये त्यांचा संघ चौथा आला. १९६२ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत जर्नेलसिंग या बचावपटूच्या डोक्यास जखम होऊन टाके पडले. रहीमसाहेबांनी त्याला बसवून ठेवले नाही. उलट मागच्या फळीतून काढून आघाडीवर नेले. दक्षिण कोरियाविरुद्धचा अंतिम सामना भारताने २-१ असा जिंकला, त्यातील एक गोल जर्नेलसिंगाचा होता. प्रेक्षक प्रतिकूल, शरीर जायबंदी, जागा नवी. तेथे नुसते कसब पुरे पडले नसते.

मात्र जर्नेलसिंगाचे हे धैर्य रहीमसाहेबांनी कोणाच्या शिफारसपत्रात वाचले नव्हते. त्यांची पारखण्याची रीत मोठी मार्मिक होती. चेंडू घोळवीत नेण्यास बंदी असलेल्या स्पर्धा ते भरवीत. केवळ दुबळ्या पायानेच खेळावयाचे, अशाही स्पर्धा भरवीत. शिक्षणाचा भाग म्हणून हे उत्तम होतेच, पण मला त्यात स्वभावाची परीक्षाही दिसते. ज्या मुलाला चेंडू सोडवत नाही, तो पहिल्या स्पर्धेत पाच मिनिटांत उघडा पडतो. ज्याला लोकांसमोर फजिती सोसवत नाही, तो दुसरीत. मुलाखतीत मात्र दोघेही ‘सांघिक भावना’ या विषयावर सुरेख बोलतील.

आता आपण स्वभाव कसा जोखतो ते पाहू. पाहुण्यांसमोर न अडखळता बोलणारा मुलगा आपणांस तडफदार वाटतो, मान खाली घालून उभा राहिलेला बुजरा वाटतो. त्यातून वयाचा घोळ निराळा. एकाच वयोगटात वर्षाच्या आरंभी आणि अखेरीस जन्मलेल्या मुलांत जवळजवळ बारा महिन्यांचे अंतर असते. त्या वयात बारा महिने म्हणजे चार बोटे उंची आणि तितकाच अधिक आत्मविश्वास. निवडलेल्या मुलांत आरंभीच्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा अधिक असतो, हे अनेक देशांत दिसून आले आहे. आपल्याकडे तर शाळेच्या दाखल्यावर १ जून ही तारीख घालून किती पिढ्या मोकळ्या झाल्या, हे या सभेतील वडीलधाऱ्यांस मी सांगावयास नको! तेव्हा आपण ज्याला धीटपणा म्हणतो, तो कित्येकदा नुसता वडीलपणा असतो.

आणि शिस्त? सरावाला चार दिवस न आलेला मुलगा बेशिस्त, हे शहरात ठीक. आपल्या तालुक्यात मिरचीची तोडणी किंवा कापसाची वेचणी चालू असताना गैरहजर राहिलेला मुलगा बहुधा आईच्या बरोबरीने शेतात वाकलेला असतो. त्याच्या नावापुढे फुली मारणे म्हणजे जबाबदारी ओळखणाऱ्या मुलालाच बेजबाबदार ठरविणे होय.

२०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. रिक्षाचालकाचा मुलगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. प्रबोधिनीसाठी मुले निवडताना उंची, वजन, धाव, उडी अशी मोजमापे घेतात. त्या मोजमापांचा दोष असा की त्यांत स्वभाव येत नाही. गुण असा की बापाची प्रतिष्ठाही येत नाही. त्याच स्पर्धेत ९ ऑक्टोबर रोजी दिल्लीत कोलंबियाविरुद्ध मणिपूरच्या जॅक्सनसिंगाने गोल केला. फुटबॉलच्या कोणत्याही विश्वचषकातील तो भारताचा पहिला गोल. हा मुलगा आरंभीच्या निवडीत नव्हता. संघाची बांधणी बरीच पुढे गेल्यावर आत आला. दार एकदाच उघडून बंद केले असते, तर तो बाहेरच राहता.

म्हणून माझी सूचना अशी. निवड एका दिवसात उरकू नये. वेचणी आटोपल्यावर तीन-चार महिने, दर पंधरवड्यास, मुलांचे सामने लावावे आणि एकाच वहीत नोंद ठेवावी : चेंडू गमावल्यावर मुलगा काय करतो, राखीव बसविल्यावर कसा बसतो, आपल्याहून कच्च्या सोबत्याकडे चेंडू देतो की नाही. (मुलगा म्हणताना मी मुलगीही धरतो.) नोंद करणारे दोघे असावेत, आणि त्यांतला एक तरी आपल्या ज्ञातीबाहेरचा, गावातील कोणी क्रीडाशिक्षक असावा. कसबात जो निर्विवाद सरस आहे, पण रागीट किंवा लाजाळू आहे, त्याला वगळू नये. शिष्यवृत्तीबरोबर त्याला एक चांगला पालक-शिक्षक नेमून द्यावा. सोबत्यांस इजा करणारा, लबाडी करणारा मुलगा मात्र कितीही चपळ असो, या वर्षी थांबवावा आणि पुढील वर्षी पुन्हा पाहावा.

अर्जाच्या मसुद्यात ‘ज्ञातीतील दोन प्रतिष्ठित गृहस्थांचा वर्तणुकीचा दाखला’ असा रकाना मी पाहिला. अर्ज छापण्यास जाण्यापूर्वी तो काढून टाकावा, अशी माझी कार्यकारिणीस विनंती आहे.