‘अ‍ॅनिलीन’च्या नावातील नीळ

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ‘अ‍ॅनिलीन’ हे नाव परके वाटते. वस्तुतः ते आपल्याच घरचे आहे. संस्कृतातील ‘नील’ हा शब्द व्यापाराच्या वाटेने फारसीत आणि अरबीत गेला. अरबीतील उपपद जोडले जाऊन त्याचे ‘अन्-नील’ झाले आणि पोर्तुगिजांनी त्याचे ‘अनील’ केले. वायू या अर्थाच्या आपल्या ‘अनिल’शी मात्र त्याचा काही संबंध नाही. ‘इंडिगो’ या नावाचाही मूळ अर्थ ‘भारतातून आलेला पदार्थ’ असाच आहे.

१८२६ साली ओटो उन्व्हरडॉर्बेन या जर्मन रसायनज्ञाने निळीच्या ऊर्ध्वपातनातून एक तेलकट द्रव मिळविला. १८३४ मध्ये रुंगे यांना तोच द्रव दगडी कोळशाच्या डांबरात आढळला. १८४० मध्ये फ्रिट्शे यांनी तो पुन्हा निळीपासून काढला आणि ‘अनील’वरून त्याचे ‘अ‍ॅनिलीन’ असे नामकरण केले. निरनिराळ्या नावांनी ओळखले जाणारे हे पदार्थ एकच आहेत, हे हॉफमन यांनी १८४३ साली सिद्ध केले.

त्यानंतरचा इतिहास आपणांस अंतर्मुख करणारा आहे. १८५६ मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किन यांनी अ‍ॅनिलीनपासून जांभळा रंग तयार केला आणि कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. १८८० मध्ये बायर यांनी प्रयोगशाळेत नीळ घडविली. तिचे किफायतशीर उत्पादन साधण्यासाठी आणखी सतरा वर्षे परिश्रम झाले. १८९७ साली जी कृत्रिम नीळ बाजारात आली, ती ‘बाडिश अनिलीन उंड सोडा फाब्रिक’ या जर्मन कंपनीची. आपल्या निळीचा बाजार उठविणाऱ्या कंपनीच्या नावातच आपली नीळ होती!

त्या बाजारातही आपला शेतकरी सुखी नव्हताच. मळे त्याच्या घामावर पिकत आणि नफा गोऱ्या मळेवाल्यांकडे जाई. १८५९ मध्ये बंगालचा शेतकरी या जुलमाविरुद्ध उठला. कृत्रिम निळीमुळे भाव कोसळले, तेव्हा चंपारणच्या मळेवाल्यांनी खंड वाढवून तोटा त्याच्याच माथी मारला. १९१७ च्या सत्याग्रहामागे ही वेदना होती.

मित्रहो, ‘हा शब्द मूळचा आपला’ असे सांगताना ऊर अवश्य भरून यावा. परंतु शब्द आपला असूनही त्यावरील संशोधन दुसऱ्यांनी केले, ही खंतही मनात राहिली पाहिजे. तेव्हा आपण परतंत्र होतो. आज ती सबब उरलेली नाही. घरातील मुलाला ‘अ‍ॅनिलीन’ची व्युत्पत्ती जरूर सांगा, पण त्याला तेवढ्यावर समाधान मानू देऊ नका. पुढच्या पदार्थाचा शोध आणि त्याचे नामकरण, दोन्ही त्याच्या हातून घडावे, अशी आकांक्षा त्याच्या मनात जागवा.