टी.व्ही. घेण्यापूर्वी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला दोन शब्द बोलायला सांगितले आहे. सातवी शिकलेल्या बाईने टी.व्ही.वर काय बोलावे, असे तुम्हाला वाटेल. पण चुकून जे शिकले, तेवढेच सांगणार आहे.

गेल्या दिवाळीत माझी भिशी लागली. घरातला ३२ इंची टी.व्ही. काढून आम्ही ४३ इंची ‘फोर के’ संच घेतला. दुकानात त्यावर मोराचे पीस न् पीस दिसत होते. आमचे हे आणि विक्रेता बोलत होते, मी मागे उभी. एक प्रश्न विचारला नाही. घरी संच लावला, तर चित्र जुन्यापेक्षाही पुसट! सासूबाई म्हणाल्या, “सूनबाई, माणसांची तोंडे अशी पुसल्यासारखी का गं?” मला रडूच आले. वर्षभर पोटाला चिमटा घेऊन भरलेले पैसे होते ते.

उलगडा केला भाच्याने. पडद्यावरचे चित्र म्हणजे आपली ठिपक्यांची रांगोळीच. ठिपके दाट, तितके चित्र रेखीव. ‘एच.डी. रेडी’ संचात बहुधा आडवे १३६६ आणि उभे ७६८, म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपके असतात. ‘फुल एच.डी.’मध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे पावणेएकवीस लाख. ‘फोर के’मध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख.

परंतु नुसते ठिपके असून भागत नाही, ते भरणारे चित्रही तसेच यावे लागते. आमचा सेट-टॉप बॉक्स जुना, साधा. त्यातून येणारे चित्र फार तर ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्याही आत. तेच वीसपट ठिपक्यांवर पसरलेले! चौघांच्या आमटीत पाणी घालून ती ऐंशी पानांना वाढली, तर चव कुठून राहणार? पुढे एच.डी. बॉक्स आणला, लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरीऐवजी एच.डी.एम.आय. वायर लावली, एच.डी. वाहिन्या घेतल्या, तेव्हा कुठे चित्र उजळले.

दुसरी गोष्ट अंतराची. ४३ इंची ‘फुल एच.डी.’चे ठिपके सहा फुटांपलीकडून चांगल्या डोळ्यांनाही वेगळे दिसत नाहीत. आमचा दिवाण नऊ फुटांवर. तेथून ‘फोर के’चे जादा ठिपके कुणाला दिसणार? जादा मोजलेले पैसे मात्र दिसले!

म्हणून भगिनींनो, आधी शिवणाची टेप घेऊन बसण्याच्या जागेपासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजा. पडद्याचे इंच तिरपे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात, हे ध्यानात ठेवा. घरचा बॉक्स एच.डी. आहे का, ते पाहा. आणि दुकानात मोर नको, आपली रोजची वाहिनी लावून दाखवायला सांगा.

मेथीची जुडी उलगडून पाहिल्याशिवाय आपण घेत नाही. मग हजारो रुपयांची वस्तू घेताना मागे का उभे राहायचे? पुढे व्हा, विचारा. न कळले तर पुन्हा विचारा.