दवाखान्यातील हयगय आणि आपला हक्क
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



आजच्या आनंदाच्या दिवशी मी दवाखान्याचा विषय काढावा, हे काहींना रुचणार नाही. पण आजाऱ्याच्या उशाशी बसते ती बाई, औषधाच्या वेळा सांभाळते तीही बाई, आणि पुढे आलेल्या कागदावर घाईघाईने सही करते तीही पुष्कळदा बाईच. म्हणून हा विषय आपलाच आहे.

रोगी बरा झाला नाही म्हणजे डॉक्टर चुकले, असे कायदा मानीत नाही. जाणत्या डॉक्टराने घ्यावी तेवढी काळजी घेतली गेली की नाही, एवढेच न्यायालय पाहते.

१९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला मोटारीने पुण्याच्या एका इस्पितळात आणले. तेथे योग्य भूल न देता, जोर लावून हाड बसविले व प्लास्टर घातले. त्याच रात्री मुलगा गेला. वडील स्वतः डॉक्टर. त्यांनी दावा लावला. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने आईबापांच्या बाजूचा निकाल कायम केला. नुकसानभरपाई तीन हजार रुपये! त्याने मुलगा परत येत नाही. पण त्या निकालाने डॉक्टरांची तीन कर्तव्ये स्पष्ट झाली: रोगी हाती घ्यावा की नाही हे ठरविताना, उपचार कोणता करावा हे ठरविताना, आणि तो प्रत्यक्ष करताना योग्य ती काळजी घेणे.

दुसरे उदाहरण खास आपल्यासाठी. १९९५ साली दिल्लीत एक अविवाहित बाई पोटाची दुर्बिणीतून तपासणी करून घेण्यास गेली. ती भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व बीजांडकोश काढून टाकले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, रुग्ण सज्ञान असेल आणि जिवाला तत्काळ धोका नसेल, तर ती शुद्धीवर येईपर्यंत थांबले पाहिजे. आईची संमती चालली नाही, तर सासूची किंवा यजमानांची कशी चालेल?

आता दाद कोठे मागावी? १९९५ च्या निकालापासून पैसे घेऊन केलेला वैद्यकीय उपचार ग्राहक कायद्याखाली येतो. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे, आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. वकील देणे सक्तीचे नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. दुःखात दिवस कसे जातात ते कळत नाही, म्हणून ही मुदत लक्षात ठेवा. जेथे सर्वांवरच मोफत उपचार होतात, ती इस्पितळे या कायद्यात येत नाहीत. तेथे दिवाणी दाव्याची वाट आहे. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाता येते. तेथे शिस्तीची कारवाई होते, भरपाई मिळत नाही. फौजदारी गुन्ह्यासाठी हयगय फार गंभीर असावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली म्हटले आहे.

या साऱ्या वाटांवर शिदोरी एकच: कागद. मी वकिली करते. माझ्याकडे येणाऱ्या बहिणी डोळ्यांत पाणी घेऊन येतात, पण पिशवीत कागद नसतात. केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, बिले, सारे तारीखवार एका फाइलीत ठेवा. इस्पितळातील नोंदींची लेखी मागणी करा. मागणीनंतर ७२ तासांच्या आत त्या द्याव्यात, असा डॉक्टरांसाठी नियमच आहे. ते कागद दुसऱ्या जाणत्या डॉक्टरांना दाखवा. हयगय झाली असे त्यांनी लिहून दिले, तर तक्रारीला बळ येते. आणि सही करण्यापूर्वी विचारा: काय करणार, कशासाठी, धोका कोणता, दुसरा उपाय आहे का?

विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. चांगल्या डॉक्टरांना प्रश्नांचा राग येत नाही. इस्पितळाच्या काचा फोडून कोणालाही न्याय मिळत नाही. उलट आपलीच बाजू लंगडी पडते. आपल्या मंडळात हिशेब लिहिणाऱ्या, अर्ज करून देणाऱ्या भगिनी आहेत. एखाद्या घरावर असा प्रसंग आला, तर त्यांतील दोघींनी तेथे जाऊन कागद लावून द्यावेत आणि दोन वर्षांची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून यावी. एवढे आपल्या हातचे आहे.