दंड लिहिण्याआधी विचारायला हवं होतं

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत एका गटाच्या सचिवताईंनी केलेलं भाषण)



आज मला एका दंडाविषयी बोलायचंय. दंड चाळीस रुपयांचा. तो मी माझ्या हातानं वहीत लिहिला होता.

आमचं गाव उजनीच्या पाण्याकाठचं. गटात आम्ही अकरा जणी. त्यातल्या एक भाभी. बैठक दर सोमवारी, दिवस मावळताना. म्हणजे शेतातून आल्यावर सगळ्यांना जमतं. एकदा भाभी सलग चार सोमवार आल्या नाहीत. बचतीचे पैसे पोराच्या हाती वेळेवर यायचे, पण स्वतः येईनात. पंचसूत्रीत पहिलंच सूत्र नियमित बैठकीचं. मी एका बैठकीचे दहा, असे चाळीस लिहिले. आणि त्यांनी शिलाई मशीनसाठी मागितलेलं कर्ज ‘अनियमित सदस्य’ म्हणून मागं ठेवलं.

गटात कुजबुज सुरू झाली. “आपण आरती म्हणून बैठक सुरू करतो, त्यांच्यात चालत नसेल.” “घरचे सोडत नसतील.” मीसुद्धा मान डोलावली. पाचव्या सोमवारी मन राहवेना म्हणून त्यांच्या दारात गेले. भाभी म्हणाल्या, “वहिनी, रमजान चालू आहे. तुमची बैठक आणि माझी रोजा सोडायची वेळ एकच. एकीसाठी सगळ्यांची वेळ कशाला बदलायची, म्हणून बोलले नाही.”

बायांनो, मी खाली मान घातली. आषाढी एकादशीचा उपवास सोडायच्या वेळी कुणी आपल्याला बैठकीला बोलावलं असतं तर? आम्ही इतकी वर्षं शेजारी, पण रमजान कधी येतो हेही मला ठाऊक नव्हतं. त्यांचे महिने चंद्रावर चालतात, आपल्यासारखा अधिक महिना त्यात धरत नाहीत. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत. एवढं कळायला एक प्रश्न पुरला असता.

न विचारता ठरवलं की काय वाटतं, ते पुढं माझ्याच लेकीला कळलं. ती शिकायला शहरात राहते. तिथली एक मुलगी तिला म्हणाली, “तुम्हाला तेहतीस कोटी देव, नावं तरी माहीत आहेत का? आणि दगडाला काय देव म्हणता?” लेक रडवेली होऊन फोनवर बोलली. मला उत्तर देता येईना. मग मी जाणत्या माणसांना विचारलं, थोडं वाचलं.

बृहदारण्यक उपनिषद नावाचा फार जुना ग्रंथ आहे. त्यात याज्ञवल्क्य ऋषींना विचारतात, देव किती? आधी ते हजारांत आकडा सांगतात, मग तेहतीस. आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, इंद्र आणि प्रजापती. पुन्हा पुन्हा विचारल्यावर तो आकडा कमी होत होत एकावर येतो. त्याच सभेत गार्गी नावाची बाई उठून याज्ञवल्क्यांना प्रश्न विचारते. म्हणजे विचारणं हे पाप नाही, आपल्याकडं बाईनं सभेत विचारल्याची जुनी आठवण आहे.

आणि दगडाचं म्हणाल तर, गणपती आपण मातीचाच आणतो. आधी त्यात देवाला बोलावतो, पूजा करतो आणि विसर्जनाला त्याच मूर्तीला पाण्यात सोडतो. माती म्हणजेच देव असं मानलं असतं तर सोडली असती का? नवरात्रात घटाखाली शेतातली माती घालतो, तीही जिथून येते तिथं परत जाते. मूर्ती ही भेटायची जागा आहे, असं मला तरी वाटतं. दुसऱ्या बाईला वेगळं वाटेल, तेही हिंदूच.

काही जण म्हणतात, हिंदू म्हणजे मांस न खाणारे. आपल्या घरात बघा. सासरे माळकरी, त्यांच्या ताटात कांदासुद्धा नाही. दीर धरणातली चिलापी, कटला आणतो. मरीआईला कुणाचं कोंबडं असतं, कुणाचा नुसता दहीभात. यातलं कुणाचं खरं, कुणाचं खोटं?

पण बायांनो, बाहेरच्यांचेच गैरसमज असतात असं नाही. आपल्या धर्माबद्दल आपलेही आहेत. विधवा बाईला हळदी-कुंकवाला बोलवायचं नाही, हा आपण धर्म समजत होतो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्यामागच्या चळवळीत आपल्या करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे होते. त्याच महिन्यात सरकारनंही इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. हेरवाडमध्ये देव काही कोपला नाही. मोडली ती रूढी, धर्म जागेवरच आहे.

आता दुसरी बाजू. आमच्या गटातल्या एका बौद्ध ताईंनी संक्रांतीला वाण घेतलं, तिळगूळ घेतला, पण कुंकू लावून घेतलं नाही. एकजण फुगून बसली, “आमच्या कुंकवाचा अपमान केला.” तसं नव्हतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, लोकांनाही दिली आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यात हिंदू देवांना न मानण्याची, त्यांची पूजा न करण्याची प्रतिज्ञा आहे. ताई आपला शब्द पाळतात. आपण एकादशीला भात नको म्हणतो, तेव्हा वाढणारीचा अपमान होतो का?

मोहरमचंही तसंच. आपण त्याला सण समजून शुभेच्छा द्यायला जातो. तो करबलाच्या लढाईत मारल्या गेलेल्या इमाम हुसेन यांच्या दुःखाचा दिवस आहे. जाऊन नुसतं बसलं तरी पुरे.

हे काही नवं शिकवणं नाही. उजनीतून सुटलेलं पाणी भीमेतून पंढरपूरला जातं. तिथं नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. त्यांच्या लोकांना देवळाच्या आत जाता यावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. म्हणजे आपलंही चुकलं होतं आणि आपल्यातल्याच माणसांनी ते दुरुस्त केलं. दुसरीकडं बघा, तुकोबांची पालखी देहूतून निघते तेव्हा अनगडशहा बाबांच्या दर्ग्याजवळ थांबते, तिथं आरती होते. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान असून वारकऱ्यांचे संत. त्यांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. वारीला जाणाऱ्या माणसानं दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवली, तर तो वाट चुकला म्हणायचा.

आता आमच्या गटानं काय केलं ते सांगते. रमजानमध्ये बैठक दुपारी ठेवायची असं ठरवलं. बैठकीच्या सुरुवातीला गटाचं गाणं म्हणायचं. आरती ज्यांना म्हणायची त्यांनी आधी येऊन म्हणावी. कुंकू, प्रसाद पुढं करायचा, पण “नको” म्हटलं की हसून पुढं जायचं. आणि कुणी दोन बैठका आली नाही, तर दंड लिहिण्याआधी तिच्या दारात जाऊन यायचं.

चाळीस रुपये परत केले. भाभींनी ते गटाच्या बचतीत टाकले. मशीन आलं. गेल्या दिवाळीला माझ्या लेकीचा ड्रेस त्यांनीच शिवला आणि शिलाईचे पैसे मात्र पूर्ण घेतले. ते बरंच केलं, नाहीतर हप्ता कशातून भरला असता!

ताईंनो, एकमेकींचा देव एक केलाच पाहिजे असं नाही. एकमेकींना विचारलं तरी पुष्कळ आहे. पुढच्या बैठकीत आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर एवढंच लिहा: कुणाचा उपवास कधी, कुणाला काय चालत नाही. कर्जाच्या नोंदीइतकीच ती नोंद महत्त्वाची आहे.

एवढं बोलून थांबते.