टेबलाच्या दोन्ही बाजूंनी

मुलाखतीला निघालेल्या मुलाला घरची माणसं सांगतात, इस्त्रीचा शर्ट घाल, ताठ बस, स्पष्ट बोल. पण समोरचे नेमकं काय बघतात?

मराठी घेऊन बी.ए. झालो आणि लिपिकाच्या जागेसाठी पहिली मुलाखत दिली. अर्जावरचं नाव वाचून एका साहेबांनी विचारलं, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" म्हटलं, "साहेब, आईकडूनच आलं." सगळे हसले. माझ्या मराठीचं कौतुक झालं. टंकलेखन येतं का, हिशेब कळतो का, हे कुणी विचारलं नाही. नोकरीही मिळाली नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका वाचनालयाच्या निवड समितीवर मी बसलो. खानदेशातला एक मुलगा आला. बोलण्यात अहिराणीचा हेल, 'ण'च्या जागी 'न'. मी कागदावर लिहून टाकलं, 'भाषा अशुद्ध'. शेजारच्या बाईंनी त्याला विचारलं, "वाचकानं पुस्तक फाटून परत आणलं तर?" तो म्हणाला, "आधी पान चिकटवीन. मग दंड घेईन. दंड किती, ते मला माहीत नाही, तुमचा नियम सांगा."

जागा पुस्तकं सांभाळायची होती आणि मी 'ण' मोजत बसलो होतो! त्या जुन्या साहेबांची खुर्ची मला मिळाली होती, नजरही त्यांचीच. मी ते दोन शब्द खोडले. मुलगा निवडला गेला.

मुलाखत घेणाऱ्याला दोन गोष्टी बघायच्या असतात. याला काम येईल का आणि हा आपल्यात मिसळेल का. पहिलीचं उत्तर कामाच्या प्रश्नातून मिळतं. दुसरीत मात्र आपण नकळत आपल्यासारखाच माणूस शोधतो. वशिल्याला वाव राहू नये म्हणून केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. पण सनदी सेवेच्या अंतिम २०२५ गुणांपैकी २७५ आजही मुलाखतीचे आहेत आणि खासगी नोकरीत तर बहुतेकदा मुलाखतीवरच ठरतं. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर या अमेरिकी अभ्यासकांनी ८५ वर्षांचं संशोधन एकत्र तपासलं. सर्वांना ठरलेले, कामाशी निगडित प्रश्न विचारले तर निवड अधिक अचूक होते, असं त्यांना आढळलं. ऐसपैस गप्पांवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही.

तेव्हा उमेदवार मित्रांनो, येत नसेल ते 'येत नाही' म्हणा, केलेलं काम उदाहरणासह सांगा. आणि पलीकडे बसणाऱ्यांनो, प्रश्न आधी लिहून काढा, प्रत्येकाला तेच विचारा, आपापसात बोलण्यापूर्वी गुण मांडा. नाव, गाव आणि हेल यांना गुणपत्रिकेत रकाना ठेवू नका.

तो मुलगा आज त्या वाचनालयाचा ग्रंथपाल आहे. त्याच्या 'ण'चा 'न' अजून होतो. पुस्तकं मात्र जागच्या जागी सापडतात.