साक्षीदारांची बोली



मध्ययुगात दक्षिण फ्रान्समध्ये, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, फ्वा नावाचा डोंगराळ परगणा होता. मेंढपाळांच्या आणि शेतकऱ्यांच्या या मुलखातील मोंतायू हे जेमतेम अडीचशे वस्तीचे खेडे. राजांच्या इतिहासात त्याला जागा मिळण्याचे काहीच कारण नव्हते. तरीही सातशे वर्षांपूर्वी तेथील माणसे काय खात, कशावर विश्वास ठेवीत, कोणाशी भांडत, हे आज तपशिलाने ठाऊक आहे. ते कळले एका न्यायासनाच्या दप्तरातून.

पामिएचा बिशप जाक फूर्निए याने १३१८ ते १३२५ या काळात पाखंडाच्या आरोपांची चौकशी केली. त्याच्या दप्तरात ९८ प्रकरणे आणि ५७८ जबान्या आहेत. हा न्याय कठोर होता. पाच जणांना जिवंत जाळण्यात आले; कित्येकांना तुरुंगवास घडला; कित्येकांना अंगावरील वस्त्रांवर पिवळे क्रूस शिवून हिंडावे लागले. पण फूर्निए प्रश्न विचारताना थकत नसे. पुढे १३३४ मध्ये तो बेनेडिक्ट बारावा या नावाने पोप झाला. त्याच्या दप्तराचा एक खंड व्हॅटिकनच्या ग्रंथालयात टिकून राहिला.

त्यात प्येर मोरी हा मेंढपाळ आहे. कळप घेऊन डोंगर ओलांडणे, गड्यांबरोबर भाकरी वाटून खाणे, हेच त्याचे जग. उन्हात बसून एकमेकींच्या उवा काढता काढता गावच्या गोष्टी बोलणाऱ्या बायका आहेत. बेआत्रिस द प्लानिसोल ही उमराव घराण्यातील विधवा आहे. तिच्या सामानात नातवांच्या वाळलेल्या नाळा सापडल्या. त्या जवळ बाळगल्या तर खटला हरत नाही, असे तिला कोणी सांगितले होते. नाळा जवळ असूनही तिला शिक्षा झाली; पण आजीची ती भाबडी आशा कागदावर कायम राहिली.

मात्र एक गोष्ट हरवली. ही सारी माणसे ऑक्सितां भाषेत बोलली. लेखकूंनी त्यांचे बोलणे लॅटिनमध्ये उतरविले. जबानी पुन्हा लोकभाषेत वाचून दाखवीत, दुरुस्तीची मुभाही देत. तथापि पक्क्या दप्तरात उरली ती लॅटिन. १९६५ मध्ये जाँ द्युव्हेर्नुआ यांनी मूळ लॅटिन पाठ छापला. १९७५ मध्ये इमॅन्युएल ल रुआ लादुरी यांनी त्यावरून मोंतायूचे चरित्र लिहिले. माणसे परत आली. त्यांचे नेमके शब्द मात्र परत आले नाहीत.

येथे मराठी मुलखातील महजरांची आठवण होणे स्वाभाविक आहे. वतनाच्या तंट्यात गोतसभा बसे, वादी-प्रतिवादींच्या तकरिरी घेतल्या जात आणि निवाडा मोडी लिपीत लिहिला जाई. त्यात फारसी शब्दांची भर असे, पण वाक्य मराठी असे. अक्षरओळख नसलेला पाटील शेवटी नांगराची निशाणी करी. बलुतेदार आपापल्या हत्याराची. वाचून दाखवलेला मजकूर आपल्याच बोलीत ऐकून त्याखाली केलेली ती खूण होती. त्या न्यायातही अन्याय होतेच. परंतु साक्षीदाराची भाषा दप्तराच्या बाहेर उभी नव्हती.

महाराष्ट्राबाहेर साठ वर्षे मराठी शिकविणाऱ्या शाळेला या दोन दप्तरांमधील अंतर समजावून सांगण्याची गरज नाही. परप्रांतात कचेरीची भाषा वेगळी, बाजाराची वेगळी. मराठी उरते ती घरात आणि शाळेत. दूरच्या मुलखात स्थिरावलेल्या अनेक घराण्यांच्या जुन्या पेट्यांत मोडी कागद पडून असतात. नातवंडांना ते वाचता येत नाहीत म्हणून कधी ते रद्दीतही जातात. फूर्निएचे दप्तर वाचायला लॅटिन जाणणारा एक जिज्ञासू पुरला. या कागदांना तसा वाचक मिळायचा असेल, तर तो आज कोणत्यातरी मराठी वर्गात पहिली बाराखडी गिरवीत असला पाहिजे.